तळटीप २३ : ‘केळकरांचा पक्ष’

रांजणगावच्या पारावर मंगळवारचा ‘केसरी’ एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, ही आठवण लेखकाने वर दिली आहे. त्यातला ‘केळकरांचा पक्ष’ म्हणजे प्रतियोगी सहकार पक्ष. नरसिंह चिंतामण केळकर (१८७२–१९४७) मूळचे मोडनिंबचे. साताऱ्यात वकिली करणाऱ्या या तरुणाला टिळकांनी १८९६ मध्ये पुण्यात बोलावून घेतले आणि ‘मराठा’ व ‘केसरी’च्या कामाला जुंपले. तेव्हापासून लेखणी हीच त्यांची खरी कमाई. १९२३ मध्ये ते स्वराज्य पक्षातर्फे मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९२५ मध्ये मध्यप्रांतात त्याच पक्षाच्या श्री. ब. तांबे यांनी सरकारी कार्यकारी मंडळातले पद घेतले. त्यामुळे पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू कमालीचे संतापले. केळकर आणि त्यांचे पक्षातले सहकारी जयकर व मुंजे यांना मात्र सरकारची सरसकट अडवणूक करण्याचे पक्षाचे धोरण मान्य नव्हते. जिथे हिताचे तिथे सहकार, नाहीतर विरोध, हे टिळकांचे १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमधले धोरण त्यांनी पुढे धरले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात वेगळी चूल मांडली. पक्ष लहानच राहिला. तरी केळकरांवर फितुरीचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वतःला पटलेले त्यांनी लोकप्रियता गमावूनही उघडपणे लिहिले. वाचकांनी ‘केळकरांचा पक्ष’ याचा हिंदू महासभा असा अर्थ घेऊ नये. तिचे अध्यक्षपदही केळकरांकडे आले होते, पण ती वेगळी संघटना.