गाव उठलं, पण चर्च ४०० वर्षं चालू राहिलं! काय आहे वॉरम पर्सीची गोष्ट?

इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये वॉरम पर्सी नावाचं गाव आहे. म्हणजे होतं. आज तिथे मध्ययुगातलं एकही घर उभं नाही. गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे दिसतात आणि शेजारी बिनछपराचं चर्च. सेंट मार्टिनचं.

हे इथलं पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या अखत्यारीतला परिसर. बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं इथेच व्हायचं. वर शेतकऱ्यांना उत्पन्नाचा दहावा हिस्साही चर्चला द्यावा लागायचा.

इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात इथे उत्खनन केलं. सुरुवातीला इथे लहानसं लाकडी चर्च असावं, असं त्यातून दिसलं. पुढे दगडी चर्च आलं. बाराव्या-तेराव्या शतकात लोकवस्ती वाढली, तशी दोन्ही बाजूंना कमानी काढून जास्तीची दालनं जोडली गेली. नंतर माणसं घटली. मग ही दालनं पाडली आणि कमानी दगडांनी चिणून टाकल्या. त्या बुजवलेल्या कमानी भिंतीत आजही स्पष्ट दिसतात. गावाची जनगणनाच म्हणा ना!

आता गाव कशामुळे उठलं? बहुतेकांना वाटतं, १३४८-४९ च्या प्लेगमुळे. पण तसं नाही. प्लेगनंतरही इथे लोक राहत होते. खरं कारण होतं मेंढ्या. लोकरीतून चांगला पैसा मिळत होता आणि कुरणांना माणसं कमी लागायची. त्यामुळे १५०० च्या आसपास जमीनमालकाने उरलीसुरली कुटुंबं हुसकावून लावली. जमीन त्यांच्या मालकीची नव्हतीच, मग दाद कुठे मागणार?

चर्च मात्र टिकलं, कारण पॅरिशमधली थिक्सेंडेलसारखी गावं नांदती होती. तिथले लोक टेकड्या ओलांडून प्रार्थनेला यायचे, मृतदेहही इथेच आणायचे. १८७० मध्ये थिक्सेंडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि इथली वर्दळ ओसरली. १९४९ मध्ये इथली नियमित प्रार्थना थांबली. त्यानंतर छपराचं शिसं चोरीला गेलं, आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा काही भाग कोसळला.

चर्च आणि दफनभूमीच्या उत्खननात जवळपास ७०० सांगाडे मिळाले. मुलांच्या हाडांच्या तपासणीतून कळलं, की इथल्या आया बाळांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजायच्या.