बीटिंग रिट्रीट : लष्करी वाद्यवृंदाची परंपरा आणि तिचे भारतीयीकरण

प्रस्तावना :
भारतीय प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची औपचारिक सांगता २९ जानेवारीच्या सायंकाळी नवी दिल्लीतील विजय चौकात होणाऱ्या 'बीटिंग रिट्रीट' या समारंभाने होते. वसाहतकालीन लष्कराकडून आलेली ही प्रथा स्वतंत्र राष्ट्राने का स्वीकारली व तिच्यात कोणते बदल केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
या प्रथेचे मूळ सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडते. सूर्यास्ताच्या वेळी ढोल वाजवून गस्तीवरील सैनिकांना छावणीत परत बोलावले जाई. म्हणजेच आरंभी हे संगीत नव्हते, तर आज्ञा होती. वाद्याद्वारे सैन्याला सूचना देण्याची पद्धत भारतालाही अपरिचित नव्हती. मराठेशाहीतील नगारा, कर्णा, शिंग ही वाद्ये रणसंकेत आणि राजचिन्ह अशी दुहेरी भूमिका बजावीत. रायगडावरील नगारखाना याची आजही साक्ष देतो. मात्र पाश्चात्त्य वाद्ये व स्वरलेखन यांवर आधारलेला वाद्यवृंद हा ब्रिटिश लष्करी व्यवस्थेचा वारसा होय.

स्वातंत्र्योत्तर स्वरूप :
भारतीय लष्करातील मेजर रॉबर्ट्स यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी सामूहिक वाद्यवृंदांच्या या समारंभाची रचना केली. काही लोकप्रिय लेखनात त्याचा उगम राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या भारतभेटीशी जोडला जातो. परंतु राणी म्हणून त्यांची पहिली भारतभेट १९६१ मधील असल्याने हे मत कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

समारंभाचा क्रम ठरलेला आहे. सर्वोच्च सेनापती या नात्याने राष्ट्रपती अंगरक्षक दलाच्या घोडेस्वारांसह येतात. वाद्यवृंदांचे वादन व संचलन होते, बिगुलावर 'रिट्रीट' वाजते आणि ध्वज उतरविले जातात. वाद्यवृंद परत नेण्याची परवानगी राष्ट्रपतींकडे रीतसर मागितली जाते. 'सारे जहाँ से अच्छा'च्या धूनवर पथके परततात आणि रायसीना टेकडीवरील इमारती दिव्यांनी उजळतात. लष्करी सामर्थ्य लोकनियुक्त शासनाच्या अधीन आहे, हा घटनात्मक आशय त्या परवानगीच्या विधीतून व्यक्त होतो. २००१ मध्ये गुजरातमधील भूकंपामुळे आणि २००९ मध्ये माजी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या निधनामुळे हा समारंभ रद्द करण्यात आला होता.

धूनबदलाचा प्रश्न :
'अबाइड विथ मी' हे हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे १८४७ मधील ख्रिस्ती प्रार्थनागीत आहे. विल्यम हेन्री मंक यांनी १८६१ मध्ये त्याला चाल दिली. महात्मा गांधींना ते प्रिय असल्याने या समारंभात त्याला दीर्घकाळ मानाचे स्थान होते. २०२० मध्ये ते वगळण्याची चर्चा झाली, तरी ते कायम राहिले. २०२२ मध्ये मात्र ते वगळून 'ऐ मेरे वतन के लोगों' या गीताची धून समाविष्ट करण्यात आली. कवी प्रदीप यांचे हे गीत १९६२ च्या युद्धातील हुतात्म्यांना उद्देशून आहे. त्याला महाराष्ट्रातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी चाल दिली आणि लता मंगेशकर यांनी २७ जानेवारी १९६३ रोजी ते दिल्लीत गायिले.

या बदलाचे समर्थक त्याला वसाहतवादी खुणांपासूनची मुक्ती मानतात. टीकाकारांच्या मते मात्र गांधीस्मृतीचा एक धागा त्यामुळे तुटला. दोन्ही बाजूंत तथ्यांश आहे. परंतु ज्या ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बॅगपाइप यांवर भारतीय धून वाजते, ती वाद्येही परकीयच आहेत. त्यामुळे केवळ उगमाच्या निकषावर देशी-परदेशी असा भेद करणे अपुरे ठरते. एखादी धून समाजाच्या स्मृतीत कोणत्या अर्थाने रुजली, हा निकष अधिक महत्त्वाचा मानावा लागतो.

निष्कर्ष :
१. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये मांडलेली 'परंपरेची निर्मिती' ही संकल्पना बीटिंग रिट्रीटला लागू पडते. प्राचीन भासणारा हा भारतीय समारंभ प्रजासत्ताकाच्याच वयाचा आहे.
२. भारताने परकीय विधीचा सांगाडा स्वीकारून त्यात स्वतःचा घटनात्मक आशय भरला.
३. परंपरेत बदल होणे स्वाभाविक आहे. तथापि, वगळलेल्या धूनीचा इतिहासही अभ्यासकांनी नोंदवून ठेवला पाहिजे, अन्यथा राष्ट्राच्या स्मृतीतील एक स्वर कायमचा हरवेल.