दिंडी

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण त्यात लढाया आणि तह होते, बिजागऱ्या नव्हत्या. तरीही आज मी फाटकाचा इतिहास सांगणार आहे. कारण एका फाटकाने माझ्या फुफीला सव्वा तास घरात अडकवून ठेवले होते.

३ जून २०२० हा दिवस रायगड जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. आमच्या गावातल्या सुपारीच्या बागा तासा-दोन तासांत आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. वारा ओसरल्यावर मी फुफीच्या बंगल्याकडे धावलो. बंगला म्हणजे तिच्या मुलाने, माझ्या फुफेभावाने, कुवेतच्या कमाईतून बांधलेला. समुद्र तीनशे पावलांवर. पुढे गाडीसाठी मोठे लोखंडी फाटक, आणि ते रिमोटवर उघडणारे. गावातले पहिलेच. ते बसवले तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. फुफी रिमोटला 'घंटी' म्हणत असे.

त्या दिवशी घंटी मुकी होती. वीज नाही, आणि आतली बॅटरी कधी मेली ते कुणालाच ठाऊक नव्हते. ओटीवर पाणी साचले होते, त्यात फुफी पाय घसरून पडली होती आणि खुब्याचे हाड मोडले होते. कामाला असणारी बाई आतून ओरडत होती. कंपाउंडच्या भिंतीवर काचांचे तुकडे रोवलेले. शिडी लावून आम्ही आत उतरलो, पण मोडलेल्या खुब्याची बहात्तर वर्षांची बाई शिडीवरून बाहेर कशी काढणार? तिला खाटेवरच न्यायला हवे होते, आणि खाटेला फाटक हवे होते.

अशा फाटकाच्या प्रत्येक झडपेला एक लांब नळकांडे जोडलेले असते. आत मोटर, गिअर आणि आट्यांचा लांब दांडा. मोटर दांडा फिरवते, त्यावरचा नट पुढे-मागे सरकतो आणि झडप उघडते. पण झडप ढकलून तो दांडा उलटा फिरत नाही. चोराने ढकलले तरी उघडू नये म्हणून रचनाच तशी असते. वीज गेली तर काय, याचा विचार बनवणाऱ्यांनी केलेला असतो. नळकांड्यावर एक किल्ली लागते, ती फिरवली की मोटर आणि झडप यांची फारकत होते. आमची एक किल्ली कुवेतमध्ये होती, विमाने करोनामुळे बंद. दुसरी कपाटात सापडली. ती भोकात घातली आणि फिरवताच तिचे दोन तुकडे झाले. भोकावरचे रबरी झाकण कधीच पडून गेले होते आणि आत मिठाने आणि गंजाने कुलूप भरून टाकले होते.

शेवटी गावातला वायरमन मिस्त्री आला. जेमतेम तिशीचा मुलगा. ग्राइंडरने दोन मिनिटांचे काम, पण ग्राइंडरला वीज कुठली? हॅक्सॉच्या पात्याने त्याने नळकांड्याची पिन कापायला घेतली. तीन पाती मोडली. पिन कापली तरी झडप हलेना, कारण बिजागरीही धरलेली. रॉकेल ओतून, हातोडा मारून, सहा जणांनी खांदा लावून खाटेपुरती फट केली. फुफी खाटेवरून बाहेर आली तेव्हा तिने फाटकाकडे मान वळवून पाहिले आणि म्हणाली, "हे कोणासाठी केलं होतं रे?"

फुफीला टेंपोतून नेले, ऑपरेशन झाले, ती बरी झाली. पण तो प्रश्न माझ्याकडे राहिला.

आपोआप उघडणाऱ्या दाराची हौस माणसाला जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात हेरॉन नावाच्या यंत्रज्ञाने देवळाच्या दाराची एक युक्ती लिहून ठेवली. दारापुढच्या वेदीत अग्नी पेटवायचा. वेदीतली हवा तापून फुगते, जमिनीखालच्या गोळ्यातले पाणी ढकलते, ते पाणी टांगलेल्या बादलीत पडते. बादली जड होऊन खाली जाते, तिचे दोर दाराच्या खुंटांना गुंडाळलेले असतात, आणि दारे उघडतात. अग्नी विझला की हवा आकसते, पाणी परत ओढले जाते आणि उलट्या बाजूचे वजन दारे मिटवते. भक्ताला वाटावे देवाने दार उघडले. हा हेरॉन अलेक्झांड्रियाचा, म्हणजे भर समुद्रकाठचा. दोर कुजल्यावर आणि खुंट फुगल्यावर काय करायचे, याचीच मला आता जास्त उत्सुकता वाटते.

पुढे दियारबकीरच्या अर्तुकी सुलतानांच्या पदरी अल्-जझरी होता. त्याने १२०६ मध्ये आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यातल्या वाड्यासारख्या जलघड्याळात तासातासाला छोटी दारे उघडतात आणि आकृत्या दिसतात. जझरी मला आवडतो तो वेगळ्या कारणाने. तो राजाचा माणूस असूनही कारागिरासारखा लिहितो. तुकडा कसा कापायचा, कसा ओतायचा, कसा बसवायचा हे सांगत जातो. दिपवणारे पुष्कळ असतात, नट कुठे घट्ट करायचा ते सांगणारे थोडे.

आपल्या काळातले सरकते स्वयंचलित दार १९५४ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी या गावी डी हॉर्टन आणि ल्यू ह्युइट यांनी योजले. हेही समुद्रकाठचेच गाव, आणि कारण होते तिथला वारा. झुलती दारे त्या वाऱ्यात ढकलणे अवघड जाई. गाडीच्या फाटकाचा धंदा मात्र इटलीत वाढला. १९६५ साली बोलोन्यात ज्युझेप्पे मानिनी यांनी 'फाक' ही कंपनी काढली. फाटके आपोआप उघडणारी यंत्रे करणारा कारखाना, एवढाच त्या नावाचा अर्थ. २०१२ साली त्यांचा मुलगा वारला तेव्हा त्याने आपला कंपनीतला मोठा हिस्सा बोलोन्याच्या आर्चडायोसिसच्या, म्हणजे चर्चच्या, नावे करून ठेवला होता. हेरॉनच्या देवळापासून निघालेले दार असे फिरून धर्मपीठाच्या ओटीत पडले. इतिहासाला कधीकधी विनोद सुचतो.

आमच्या किनाऱ्यावर ही फाटके आली ती आखाताच्या वाटेने. आमचे आजोबे मुंबईच्या बोटींवर खलाशी. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तशी पुढची पिढी कुवेत, दुबई, सौदीला गेली. पैसा आला, जांभ्याची घरे पाडून सिमेंटचे बंगले झाले. जुन्या घराला गडगा असे आणि आत शिरायला बेडे. दोन खांबांच्या भोकांत सरकवलेले बांबू. ढोरे आत येऊ नयेत एवढाच उद्देश. बांबू कुजला की नवा. बेड्याच्या दुरुस्तीला कुणी मिस्त्री बोलावल्याचे मला आठवत नाही.

पावसाळा सरल्यावर त्या मिस्त्रीने फुफीचे फाटक उघडले, आणि मी त्याच्याजवळ बसून राहिलो. त्याने सर्वांत आधी मोटरला हात लावला नाही. मोटर सोडवून नुसती झडप हाताने ढकलून पाहिली. "चाचा, हाताने जड जाते ती मोटरलाही जडच जाणार. लोक मोटर बदलतात, रोग बिजागरीत असतो." गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे बिजागरीत गंजलेली पिन फुगून पाचरीसारखी बसते. मोटर ओढत राहते, तापते आणि जळते.

मग त्याने मला झडप दाखवली. पावसाचा मारा खाणारी वरची बाजू ठीक होती. खालची वळलेली कड, जिथे पाऊस पोचतच नाही, ती चाळणी झाली होती. मी म्हटले, हे उलटे कसे? तो म्हणाला, पाऊस मीठ धुऊन नेतो. जिथे तो पोचत नाही तिथे मीठ बसून राहते. नंतर मी वाचले तेव्हा त्याचे म्हणणे खरे निघाले. लाटा फुटतात तेव्हा खारट पाण्याचे बारीक कण वाऱ्यावर चढतात. किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत त्यांचा मारा सगळ्यात जास्त. साधे मीठ हवेत पाऊणशे टक्के दमटपणा झाला की पाणी ओढून पाझरू लागते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते त्याहून खूप कोरड्या हवेतही ओले राहतात. म्हणजे भर डिसेंबरात, आकाश निरभ्र असताना, फुफीचे फाटक आतून भिजलेलेच होते.

कंट्रोलची पेटी उघडली तर आत मुंग्यांचे वारूळ आणि एक वाळलेली पाल. कार्डावरच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडलेल्या. वायरी पेटीत वरून शिरवल्या होत्या, पाणी त्यांच्या अंगावरून सरळ आत. कंपनीच्या माणसाने बसवताना घाई केली असणार. तो तिकडे शहरात, त्याला इथला वारा काय माहीत. मिस्त्रीने स्पिरिटने आणि दात घासायच्या ब्रशने कार्ड धुतले, उन्हात वाळवले, वर वार्निशसारखा लेप दिला, रिले आणि जोड तेवढे सोडून. जोडांना सिलिकॉनचे ग्रीस. फुगलेला कंडेन्सर बदलला. वायरी खालून घेतल्या आणि प्रत्येकीला पेटीखाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. समोरासमोरच्या दोन डोळ्यांवर, ज्यांच्यामधून कुणी गेले की फाटक थांबते, मिठाची साय धरली होती. ती गोड्या पाण्याने पुसली.

नळकांड्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्टेनलेसचे बोल्ट होते. बोल्ट चकचकीत, पण भोवतालचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडत होते. ओल्या मिठात दोन धातू शेजारी आले की एक वाचतो आणि दुसरा त्याच्यासाठी झिजतो. सर हंफ्री डेव्हीने १८२४ साली हेच ब्रिटिश आरमाराला दाखवले होते. जहाजांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्र खाई. डेव्हीने त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांबे वाचले. पण तांबे विरघळेना तेव्हा शिंपलेवर्गी जीवांना मोकळे रान मिळाले. बुडे शेवाळली, जहाजे मंदावली आणि आरमाराने तो नाद सोडला. युक्ती मात्र मेली नाही. १८३७ साली फ्रेंच इंजिनिअर सोरेलने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचे पेटंट घेतले. आपण त्याला गॅल्व्हनाइज्ड म्हणतो. आणि पोलादी बोटींच्या बुडाला आजही जस्ताचे ठोकळे लावतात, बोटीऐवजी त्यांनी झिजावे म्हणून. मिस्त्रीने डेव्हीचे नाव ऐकले नव्हते. त्याने बोल्टखाली प्लास्टिकचे वायसर घातले.

हे सगळे पाहताना मला आजोबा आठवले. बोटीवर त्यांचे अर्धे आयुष्य हातोडीने गंज ठोकण्यात आणि शेंदरी रंग लावण्यात गेले. तो शिशाचा रंग, विषारी. आता तो नको. पण समुद्रावरचे लोखंड एकदा करून सोडून द्यायची गोष्ट नाही, हे त्या खलाशांना पाठ होते. त्यांची नातवंडे लोखंडाचे फाटक बसवून कुवेतला गेली आणि हातोडी कुणी ठेवलीच नाही.

फुफेभाऊ २०२१ मध्ये रजेवर आला. आईला घेऊन फाटकापुढे उभा राहिला आणि म्हणाला, नवीन बसवू, याहून भारी. फुफीने काठीने झडपेवर एक चौकोन दाखवला. "इथं माझ्यापुरती दिंडी कर."

मी चमकलो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या प्रचंड फळीत एक लहान दिंडी आहे. रोजची ये-जा त्या दिंडीतून. मोठे दार प्रसंगापुरते. किल्ल्यांच्या दारांतही हीच रीत. हत्ती अडवणारे दार बांधणाऱ्यांना ठाऊक होते की माणूस हत्तीएवढा नसतो. आमच्या बंगल्यांच्या फाटकांत दिंडी नाही, कारण ती गाडीच्या मापाने काढलेली आहेत. फुफीने शनिवारवाडा पाहिलेला नाही.

भावाने दिंडी केली. झडप गॅल्व्हनाइज्ड पाइपची, दिंडीला बिजागऱ्या ३१६ नंबरच्या स्टेनलेसच्या. त्यात मोलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत तो नेहमीच्या ३०४ पेक्षा जास्त तग धरतो. कडी साधी, आतून हाताने सरकणारी. मोटर दुरुस्त होऊन जागेवर आहे. तिची नवी किल्ली दारामागच्या खिळ्याला, खोबरेल लावलेल्या फडक्यात. दर महिन्याला मिस्त्री येतो, किल्ली घालून फिरवून पाहतो, झडपेची खालची कड गोड्या पाण्याने धुतो आणि चहा पिऊन जातो. पैसे कुवेतहून येतात.

फाटक भाऊ आला की उघडते, आणि ईदला. एरवी फुफी दिंडीतून वाकून बाहेर पडते, वाकताना खुबा दुखतो म्हणून कुरकुरते आणि मागे वळून कडी स्वतः लावते.