हेलन लेव्हिट : रस्त्यावरील छायाचित्रें

छायाचित्रणकलेचा इतिहास लिहिणारे लोक हेलन लेव्हिट यांचें नांव घेतात. परंतु बहुधा ‘मुलांचीं चित्रें काढणारी बाई’ एवढ्यावर त्यांची बोळवण करून कार्टिए-ब्रेसाँ किंवा वॉकर एव्हन्स यांच्याकडे वळतात. हा न्याय आम्हांस तोकडा वाटतो.

लेव्हिटबाईंचा जन्म १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत झाला, व त्याच शहरांत २००९ मध्यें त्या वारल्या. शाळा पुरी न करतांच त्या एका व्यवसायी छायाचित्रकाराच्या हाताखालीं राहिल्या. १९३५ मध्यें कार्टिए-ब्रेसाँ यांची गांठ पडली आणि पुढल्याच वर्षीं त्यांनीं एक जुना लायका कॅमेरा विकत घेतला. त्यास त्या काटकोनांतून दृश्य दाखविणारें उपकरण लावीत. त्यामुळें बाईंचें तोंड एका दिशेस आणि कॅमेऱ्याचा डोळा दुसऱ्या दिशेस, असा प्रकार होई. या युक्तींत थोडी लबाडी आहे खरी. पण तीवांचून गल्लींतील माणसें आपल्या सहज हालचालींत सांपडतीं ना.

१९४० च्या सुमाराचें एक चित्र पाहावें. घराच्या पायऱ्यांवर मुखवटे घेतलेलीं तीन मुलें आहेत. एक अजून मुखवटा बांधीत आहे, एक खालीं उतरण्याच्या बेतांत आहे, आणि तिसरें कठड्यास टेकून मोठ्या ऐटींत उभें आहे. चित्र कोणाकडे दया मागत नाहीं. मंदीच्या त्या दशकांत अमेरिकेंतील पुष्कळ छायाचित्रण समाजसुधारणेच्या कामीं जुंपलेलें होतें. बाईंच्या चित्राखालीं लिहिण्याजोगा संदेश नसे. शिवाय स्वतःच्या कामाविषयीं बोलण्याची त्यांना नावड. उपेक्षेचीं कारणें हींच असावींत, असा आमचा तर्क आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९४३ मध्यें त्यांचें प्रदर्शन भरविलें, पण पहिलें पुस्तक निघावयास १९६५ साल उजाडलें. त्यांतील निबंधाचे लेखक जेम्स एजी यांना वारून तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं.

चित्रपटांतील त्यांचें काम तर याहूनही मागें पडलें. एजी व जॅनिस लोब यांच्यासह त्यांनीं १९४५-४६ च्या सुमारास ईस्ट हार्लेम वस्तींत ‘इन द स्ट्रीट’ हा सुमारें पंधरा मिनिटांचा मूकपट टिपला. त्यांत कथा नाहीं, निवेदन नाहीं. मुलें पीठ भरलेल्या मोज्यांनीं एकमेकांस बडवितात, भिंगाकडे पाहून वेडावतात. वडीलधारीं माणसें दारांत बसून रस्ता न्याहाळतात. स्थिर चित्रांत क्षणाच्या आधींचें व नंतरचें पाहणाऱ्याच्या कल्पनेवर सोडावें लागतें. येथें तीं दोन्ही दिसतात. ज्यांना बाईंचीं छायाचित्रें मुद्दाम जुळवून आणलेलीं वाटतात त्यांनीं हा पट अवश्य पाहावा. तसले आविर्भाव त्या रस्त्यावर घडोघडीं होत होते; कठीण होतें तें त्यांतला नेमका एक ओळखणें.

हार्लेममधील एका एकाकी कृष्णवर्णीय मुलाच्या ‘दि क्वाएट वन’ (१९४८) या चित्रपटाच्या लेखनांत व चित्रणांतही त्यांचा वांटा होता. त्याच्या पटकथेस ऑस्करसाठीं नामनिर्देशनही मिळालें.

१९५९ व १९६० मध्यें गुगेनहाइम वृत्ति मिळून त्या रंगीत छायाचित्रणाकडे वळल्या. त्या कामाचा बहुतेक भाग १९७० मध्यें घरफोडींत नाहींसा झाला. साठीकडे झुकलेल्या बाई पुन्हां कॅमेरा घेऊन त्याच रस्त्यांवर उतरल्या. १९७४ मध्यें त्याच संग्रहालयानें त्यांचीं चाळीस रंगीत चित्रें दाखविलीं. भिंतीवर टांगून नव्हे, तर पडद्यावर, एकामागून एक.