खोलीने घातलेला मास्क : बाळकुमची धूळ आणि एअर प्युरिफायरचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/ कापूरबावडीहून कशेळीच्या पुलाकडे जाणारा जुना आग्रा रस्ता बाळकुम नाक्यावरून जातो. रस्त्यावर भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले ट्रक, डोक्यावर मेट्रो ५ ची मार्गिका आणि दोन्ही बाजूंना उंच इमारतींची बांधकामे. हिवाळा लागला की येथील अनेक घरांत एक प्रश्न निघतो : एअर प्युरिफायर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीपेक्षा या यंत्राच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडते.

२/ आधी बाळकुमच्या हवेविषयी. खाडीकाठच्या या जुन्या गावाशेजारी, कोलशेत मार्गावर, विसाव्या शतकात रासायनिक कारखाने आले. सँडोझचा, पुढे क्लॅरियंटचा झालेला प्रकल्प त्यांतलाच. कारखाने हटले आणि त्या जमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन झाले. धुराड्यांची जागा सिमेंटच्या धुळीने आणि डिझेलच्या धुराने घेतली. प्रदूषण संपले नाही, त्याची जात बदलली. यंत्र निवडताना हीच गोष्ट निर्णायक ठरते.

३/ हवेतील २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांना 'पीएम २.५' म्हणतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्यांच्या बारीकपणाची कल्पना यावी. हे कण फुप्फुसात खोलवर पोहोचतात. भारताच्या २००९ च्या मानकानुसार त्यांची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा केवळ ५ आहे.

४/ हवा शुद्ध करण्याच्या इतिहासात दोन प्रवाह दिसतात. पहिला सार्वजनिक. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट वस्त्यांत समुद्राचा वारा शिरावा, हा प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढण्यामागचा एक प्रमुख हेतू होता. त्यासाठी असंख्य गरिबांची घरे पाडली गेली, हेही त्या वाऱ्याचे मोल होते.

५/ १९१२ मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. पुढे हे विद्युतीकरण कल्याणपलीकडे गेले. रुळांवरचा कोळशाचा धूर ओसरू लागला; परंतु त्या गाड्यांना वीज पुरवणारे ठाकुर्लीचे चोळा वीजकेंद्र कोळशावरच चालत होते. एका ठिकाणचा धूर दुसऱ्या ठिकाणी गेला. हवेच्या इतिहासात हे वारंवार घडते.

६/ दुसरा प्रवाह खासगी संरक्षणाचा, आणि त्याचा आरंभ आगीत होतो. १८२३ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स डीन यांनी धुरात शिरणाऱ्यांसाठी शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. त्यात गाळणी नव्हती. नळीतून बाहेरची हवा आत ढकलली जाई. हेच शिरस्त्राण पुढे पाणबुड्यांच्या कामी आले.

७/ १८५४ मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी लोणारी कोळशाचा मास्क मांडला. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत वायूचे रेणू अडकून राहतात. लंडनच्या मॅन्शन हाउसमध्ये हवा आत येण्याच्या वाटेवर त्यांची कोळशाची गाळणी बसवली गेली. आजच्या यंत्रातील 'सक्रिय कार्बन'चा थर हा तिचाच वारस.

८/ १८७० मध्ये जॉन टिंडल यांनी अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत टाकून हवेत तरंगणारी धूळ दाखवली. कवडशात नाचणारे कण आपल्याकडे प्रत्येकाने पाहिलेले असतात; टिंडल यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. कापसातून गाळलेल्या हवेत तो झोत दिसेनासा होतो, हे त्यांनी सिद्ध केले. १८७१ मध्ये त्यांनी अग्निशामकांसाठी मास्क तयार केला : ग्लिसरीनने ओलावलेला कापूस, कोळसा आणि चुना.

९/ कणांसाठी तंतू आणि वायूंसाठी कोळसा. दिवाणखान्यातील एअर प्युरिफायरमध्ये आजही हीच जोडी असते, फक्त तिला पंखा जोडलेला असतो. बाळकुमच्या अग्निशमन केंद्रातील जवानांच्या मुखवट्याचे आणि शेजारच्या संकुलातील या पांढऱ्या यंत्राचे मूळ असे एकाच घराण्यात सापडते. एअर प्युरिफायर म्हणजे खोलीने घातलेला मास्क.

१०/ 'हेपा' गाळणी ही दुसऱ्या महायुद्धाची देणगी. विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांतील गाळकागदाचा अमेरिकेत अभ्यास झाला आणि अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी तो विकसित केला गेला. सुरुवातीच्या कागदात अॅस्बेस्टॉसचे तंतू असत. पुढे काचतंतू आले.

११/ हेपा गाळणीने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवावेत, असे अमेरिकी मानक आहे. ०.३ च का? मोठे कण वेगामुळे वळू शकत नाहीत आणि तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत तंतूंना चिकटतात. मधल्या आकाराचे कण सर्वांत सहज निसटतात. म्हणून कसोटी त्यांच्यावर. आयर्व्हिंग लँगम्यूर यांच्या १९४० च्या दशकातील अभ्यासाने हा आकडा पुढे आणला.

१२/ खरेदीसाठी पहिला धडा येथेच मिळतो. खोक्यावर 'हेपा-टाइप' किंवा 'हेपासारखे' असे शब्द असतील तर त्यामागे कोणतेही मानक असेलच असे नाही. 'एच १३' हा युरोपीय दर्जा स्पष्ट आहे : सर्वाधिक निसटणाऱ्या आकाराचेही ९९.९५ टक्के कण अडले पाहिजेत.

१३/ घरात ही कल्पना कोळशाच्या वाटेनेच आली. १९६३ मध्ये जर्मनीत क्लाउस आणि मानफ्रेड हामेस या भावांनी कोळशाने तापणाऱ्या घरांसाठी, काजळी अडवणारी साधी गाळणी बाजारात आणली. गाळणी उत्तम असली तरी तिच्यातून तासाला किती हवा जाते, हा प्रश्न उरत होता. १९८० च्या दशकात अमेरिकी गृहोपकरण उत्पादकांच्या संघटनेने त्यासाठी एक माप ठरवले : सीएडीआर, म्हणजे ठरावीक वेळात मिळणाऱ्या स्वच्छ हवेचे परिमाण.

१४/ गणित सोपे आहे. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच शयनगृहात १,१४० घनफूट, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे धरले, तर सीएडीआर किमान १६० घनमीटर प्रतितास हवा. हा आकडा यंत्राच्या सर्वोच्च वेगाचा असतो आणि त्या वेगाच्या आवाजात झोप लागणे कठीण. म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊन ते मंद चालवणे शहाणपणाचे.

१५/ आता डोंबिवली. येथील औद्योगिक वसाहतीतील रासायनिक उग्र वासाची तक्रार जुनी आहे. २०२० मध्ये तर तेथील एक रस्ता गुलाबी झालेला राज्याने पाहिला. वास म्हणजे वायू, आणि हेपा वायू अडवत नाही. त्यासाठी काही किलो कार्बन लागतो. अनेक घरगुती यंत्रांत कार्बनची केवळ पातळ जाळी असते, ती लवकर भरते. म्हणून बाळकुमच्या धुळीला योग्य असलेले यंत्र डोंबिवलीच्या वासाला पुरेलच असे नाही.

१६/ 'आयन' सोडणारी काही यंत्रे ओझोन निर्माण करतात आणि ओझोन श्वसनमार्गाला त्रासदायक असतो. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये घरगुती यंत्रांसाठी ०.०५० पीपीएमची ओझोन-मर्यादा ठरवली. घरातील झाडांविषयीची समजूत १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून आली, पण तो प्रयोग बंद पेटीतला होता. साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील, असा हिशेब नंतरच्या संशोधकांनी मांडला. मनीप्लांट शोभेसाठी जरूर ठेवावा.

१७/ यंत्राच्या पडद्यावरचा आकडा कुठून येतो? आत एक लहान लेझर असतो. कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजला जातो. म्हणजे पुन्हा टिंडल यांचा झोत. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, त्यामुळे हा आकडा वाढलेला दिसू शकतो. कोकणपट्टीच्या हवेत त्याच्याकडे अंदाज म्हणून पाहावे.

१८/ मास्कच्या मर्यादा याही यंत्राला लागू होतात. खिडकी उघडी असेल तर ते रस्त्याची हवा गाळत बसते. खिडकी सतत बंद ठेवली तर कार्बन डायऑक्साइड साचतो, कारण तो ना हेपात अडकतो ना साध्या कार्बनमध्ये. फोडणीच्या धुरासाठी स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. किंमत ठरवताना दरवर्षीच्या नव्या गाळणीचा खर्चही धरावा.

१९/ जून २०२० मध्ये बाळकुममध्येच सुमारे १,००० खाटांचे कोविड रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या कल्पनेतून चार गाळण्या आणि एक पंखा चिकटपट्टीने जोडून स्वस्त यंत्र तयार झाले. गाळणी आणि हवेचा प्रवाह या दोनच गोष्टी मूलभूत आहेत, हे त्याने दाखवून दिले. ॲप, दिवे आणि सुगंध हे सगळे नंतरचे.

२०/ दोनशे वर्षांत खासगी प्रवाह फार पुढे गेला. सार्वजनिक प्रवाहही आटलेला नाही : १९७० मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, १९८१ चा वायू कायदा, २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेची स्वतःहून घेतलेली दखल. ज्या घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वृद्ध आहेत तेथे नीट निवडलेले यंत्र खरोखर उपयोगी पडते. परंतु बाळकुम नाक्यावरचा वाहतूक पोलीस, बांधकामावरचा मजूर आणि रस्त्याकडेचा भाजीवाला यांना दिवसभर बंद करता येईल अशी खोलीच नाही. त्यांच्या वाट्याची शुद्ध हवा झाकलेल्या डंपरमधून, पाणी मारलेल्या बांधकामातून आणि अंमलात आलेल्या नियमांतूनच येऊ शकते.