निळी पेटी, घरचं विमान आणि कानाची साक्ष

मंडळी, आजचा विषय जरा पोरकट वाटेल. घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा. गेल्या दिवाळीत नातू आला आणि आमच्या अभ्यासिकेत टेबलावर सुकाणू, पायाशी दोन पेडलं आणि पडद्यावर चार आसनांचं सेसना १७२ असा सगळा संसार मांडून गेला. आम्ही सत्तरी ओलांडलेले, त्यातून कानाच्या आतल्या दोषाने अधूनमधून घेरी येणारे. खऱ्या विमानाला आम्हाला कोणी हात लावू देणार नाही, आणि देऊही नये. पण खुर्चीतून उठायचंच नाही म्हटल्यावर अडवणार कोण? जुहूवरून उड्डाण केलं, ढगात शिरलो आणि दोन-तीन मिनिटांत अरबी समुद्रात. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही बाहेर काय बघत होतात? ढगात काय दिसणार? काट्यांकडे बघा ना."

हे "काट्यांकडे बघा" पोराने सहज म्हटलं. पण ते माणसाला पटायला बरीच वर्षं लागली, आणि पुष्कळ माणसं गेली. आज तोच इतिहास बघू.

विमानं आली तेव्हा वैमानिकांची ठाम समजूत अशी की विमान कललंय की सरळ आहे हे अंगाला कळतं. बसल्या जागी कळतं. १९२६ साली अमेरिकी लष्करातले विल्यम ऑकर सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर वैद्यकीय तपासणीला गेले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटून एका फिरत्या खुर्चीवर बसवलं. ही खुर्ची रॉबर्ट बारानी यांच्या नावाची, ज्यांना कानातल्या तोल राखणाऱ्या यंत्रणेवरच्या कामासाठी १९१४चं नोबेल मिळालं. खुर्ची फिरवून थांबवली की बसलेला माणूस शपथेवर सांगतो, आता मी उलटा फिरतोय! ऑकरही तसंच म्हणाले. मुरलेला वैमानिक, आणि चक्क चुकला. मग त्यांनी एका खोक्यात वळण दाखवणारं उपकरण नि दिवा बसवला, त्यात डोकं घालून पुन्हा खुर्चीवर बसले, आणि दर वेळी बरोबर सांगितलं. कान खोटं बोलत होता, काटा खरं.

याचं कारण साधं आहे. आतल्या कानात द्रव भरलेल्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की द्रव क्षणभर मागे राहतो आणि आपल्याला वळल्याचं कळतं. पण वळण तसंच चालू राहिलं तर काही सेकंदांत द्रव नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि कान म्हणतो, झालं, सरळ झालो. विमान वळतंच आहे, नाक खाली चाललंय, वेग वाढतोय. वैमानिक नाक वर करायला सुकाणू ओढतो, त्याने वळण आणखी आवळतं. शेवट जमिनीवर.

आता एडविन लिंक. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा कारखाना, चित्रपटगृहांत वाजवायचे ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा. बोलपट आला आणि तिकडे ऑर्गनची मागणी बसली. आपल्याकडे त्याच बोलपटाने संगीत नाटकाचं काय केलं ते जुन्या श्रोत्यांना सांगायला नको. विमान शिकणं महाग म्हणून या मुलाने कारखान्याच्या तळघरात, ऑर्गनचेच भाते घेऊन, एक बुटक्या पंखांची पेटी बनवली. सुकाणू हलवलं की भात्यांत हवा कमी-जास्त होई आणि पेटी कले, वळे. आपल्या बाजाच्या पेटीच्या भात्याची मोठी बहीण म्हणा. १९२९ साली पेटंटसाठी अर्ज केला. गिऱ्हाईक कोण? जत्रा आणि करमणुकीच्या बागा! नाणं टाका, विमानात बसा.

मग १९३४चा फेब्रुवारी. रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांची टपालाची कंत्राटं रद्द करून हवाई टपाल लष्कराकडे दिलं. ऐन हिवाळा, रात्र, धुकं, आणि बहुतेक वैमानिकांना काट्यांवर उडण्याचा सराव जेमतेम. काही आठवड्यांत दहाच्या वर माणसं मेली. तेव्हा कुठे लष्कराला लिंकची पेटी आठवली. अशी हकिकत सांगतात की अधिकारी नेवार्कला वाट बघत होते, इतकं धुकं की आज हा येत नाही असं धरून निघाले होते, आणि लिंक काटे बघत खाली उतरला. लष्कराने सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात झाकण बंद करून अंधारात बसवणाऱ्या याच निळ्या पेटीत लाखो वैमानिक शिकले.

घरच्या विमानाचा धागा इलिनॉय विद्यापीठातून येतो. तिथे १९५४ साली वीस वैमानिकांवर एक प्रयोग झाला. काट्यांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्यांना, शेजारी शिक्षक बसवून, बाहेरचं दिसणं बंद केलं. विसांपैकी वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. आम्ही समुद्रात गेलो तो हिशोब बघा, फारसा चुकलेला नाही. याच विद्यापीठात १९७५ साली ब्रूस आर्टविक यांनी संगणकाच्या पडद्यावर उड्डाण दाखवण्यावर प्रबंध लिहिला. त्यातून थोड्याच वर्षांत ॲपल-२ वर चालणारा खेळ आला, नुसत्या रेघांचा, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. पुढे कित्येक आवृत्त्यांत उड्डाण शिकागोच्या मेग्ज फील्डवरून सुरू होई. ते खरं मेग्ज २००३ साली शहराच्या महापौरांनी रातोरात बुलडोझर लावून उखडलं. पण तो वेगळा विषय.

आमचा मुद्दा असा, की घरच्या या विमानात कान गप्प असतो. लिंकची पेटी निदान हलत तरी होती. इथे खुर्ची जागची हलत नाही, तेव्हा काट्यांवर विश्वास ठेवायला काही पणाला लावावं लागत नाही. विमान शिकवणारे सांगतात, घरी सराव केलेली मुलं स्वच्छ उन्हातही बाहेर न बघता काट्यांतच डोकं घालतात. आणि ढगात कान ओरडू लागला की या मुलांनी ते ओरडणं कधी ऐकलेलंच नसतं.

वेदान्तात भ्रमाचे दोन प्रकार सांगतात. दोरीवर साप दिसला, दिवा आणला, साप गेला. हा निरुपाधिक. दुसरा स्फटिकाचा. जवळ जास्वंद ठेवलं की स्फटिक तांबडा दिसतो, तो पांढरा आहे हे पुरतं ठाऊक असूनही दिसतो. हा सोपाधिक, ज्ञानाने जात नाही. ढगातला भ्रम या दुसऱ्या जातीचा. १९९९ साली जॉन केनेडी धाकटे, पत्नी आणि मेहुणीसह, रात्री समुद्रावर विमान घेऊन गेले. धूसर हवा, क्षितिज दिसेना. तिघंही गेली. चौकशीत दिशाभ्रम हेच कारण निघालं. काटे समोरच होते.

आम्हाला हे पुस्तकातून नव्हे, बिछान्यातून कळलं. दोन वर्षांपूर्वी पहाटे कूस बदलली आणि खोली गरगरू लागली. आयुष्यभर भ्रम शिकवला, हाही भ्रमच हे पक्कं माहीत, तरी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून ठेवली होती. सौ. म्हणाल्या, "अहो, पलंग कुठे जात नाहीये." माहीत होतं की! सोडवत नव्हती.

नातवाच्या विमानात आता आम्ही ढगातून बरे जातो. कृत्रिम क्षितिजाच्या रेघेवर डोळा ठेवतो, विमान सरळ राहतं. परवा मुंबईहून पुण्यापर्यंत आणलं. उतरताना मात्र धावपट्टीच्या डावीकडे गवतात गेलो, त्याचं खापर आम्ही पेडलांवर फोडलं.

प्रश्न असतील तर घेऊ या.