जर्मनीतली जागा आणि इरावतीबाईंच्या कवट्या

वाशिम-कारंज्याहून तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, जर्मन विद्यापीठातल्या पीएचडीच्या जागेची जाहिरात वाचायची कशी? पगार नंतर बघा, आधी प्राध्यापकाचं नाव बघा. तिथे मार्गदर्शकाला 'डॉक्टरफाटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टरेटचा बाप. प्रबंधाला गुणही बऱ्याचदा तोच देतो.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, तेव्हाही हेच होतं. सासरे महर्षी कर्वे यांचा विरोध, पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं तेव्हाचं बडं प्रस्थ. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि त्यातच त्यांच्या जास्त बुद्धीची खूण आहे, असा त्याचा होरा. तो तपासायचं काम बाईंकडे आलं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी काही संबंधच लागेना. आणि बाईंनी प्रबंधात तसंच लिहिलं! परका देश, डोक्यावर कर्ज, गुण फिशरच्या हातात. त्याने पास केलं, पण अगदी काठावर.

१९३३ मध्ये, नाझी राजवटीत, फिशर बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला. बाई १९३९ पासून पुण्यात, डेक्कन कॉलेजात. मोजमाप त्यांनी सोडलं नाही.